रिपोर्ट नॉर्मल, मुंग्या तशाच: हातापायांच्या बधिरपणाचं करायचं काय

माझी सुरुवात मोज्यापासून झाली. चालताना सारखं वाटायचं की बोटांखाली मोजा गोळा झालाय, म्हणून बूट काढून बघायचो तर मोजा एकदम सरळ, परत बूट घालायचो की परत गोळा. असं तीन-चार दिवस चाललं आणि मग एकदा घरात अनवाणी चालताना लक्षात आलं की गोळा अजून आहेच, मोजा नाहीये. पुढे मुंग्या आल्या, रात्री पडल्या पडल्या तळव्यात आग, आणि मग तपासण्यांचा सिलसिला, ज्यातल्या जवळपास प्रत्येक कागदावर शेवटी नॉर्मल असंच लिहिलेलं. नॉर्मल वाचून खरंतर आनंद व्हायला पाहिजे, पण रात्री दोन वाजता पाय पेटलेले असताना तो शब्द वाचला की डोकंच फिरतं. हे सगळं होत असताना मला जे कळलं ते इथे साध्या भाषेत लिहितोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधं स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नका, एवढं आधीच.

आणि आधीच अजून एक, कारण लेख शेवटपर्यंत सगळे वाचत नाहीत. बधिरपणा अचानक आणि शरीराच्या एकाच बाजूला आला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो स्ट्रोक असू शकतो, तिथे मिनिटं मोजायची असतात. पायापासून सुरू होऊन काही दिवसांत भराभर वर चढतोय आणि सोबत ताकदही जातेय, जिना चढवत नाही, श्वास अपुरा वाटतोय, तर गिलियन-बारे नावाचा आजार असू शकतो, त्यातही थेट हॉस्पिटल गाठायचं. कंबरदुखीसोबत दोन्ही मांड्यांच्या आतली बाजू, म्हणजे सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तो, बधीर झाला आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. मानेला किंवा पाठीला मार लागून हातपाय बधीर झाले तर तेही याच यादीत. आता पुढचं सगळं लिहितोय ते हळूहळू आलेल्या, आठवडे-महिने रेंगाळणाऱ्या त्रासाबद्दल.

आपण मराठीत सगळ्यालाच "मुंग्या येतात" म्हणतो आणि तिथेच पहिला घोळ होतो. डॉक्टरांसमोर बसल्यावर थोडं वेगळं करून सांगायला लागतं. झिणझिण्या, टोचल्यासारखं, करंट लागल्यासारखं, आग होणं, हा एक प्रकार, म्हणजे काहीही लागलेलं नसताना काहीतरी जाणवतंय. बधीर म्हणजे उलटं, लागलंय पण जाणवत नाहीये. आणि "हात जड झाला" म्हणणारे बरेच जण खरंतर ताकद कमी झालीये असं सांगत असतात, कप हातातून सुटतो, बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही. या तिन्हींचे अर्थ वेगळे. मी स्वतः पहिल्या दोन व्हिजिटमध्ये नुसतं "पाय कसेतरी होतात" एवढंच सांगत बसलो होतो, आता त्यावरून कोणी काय समजणार?

नस कशी चालते ते थोडं बघू, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. पायाच्या अंगठ्याला स्पर्श कळवणारी जी पेशी असते तिचं मुख्य घर पायात नसतं, ते कण्याच्या शेजारी असतं. तिथून तिचा एकच बारीक धागा निघतो तो मांडीतून, पोटरीतून थेट अंगठ्याच्या टोकापर्यंत, मोठ्या माणसात जवळपास एक मीटर. हा धागा जिवंत ठेवायला लागणारा माल बनतो मात्र वर घरात, आणि तिथून तो वाहून खाली न्यावा लागतो. जलद जाणारा मालसुद्धा दिवसाला फार तर चाळीसेक सेंटीमीटर जातो, आणि जो संथ प्रकारचा माल आहे तो दिवसाला काही मिलिमीटरच, म्हणजे टोकापर्यंत पोचायला वर्षाच्या आसपास. एकाच पाइपलाइनवर शेवटच्या घराचा जो हाल असतो तोच इथे. वर थोडं जरी बिघडलं, साखर वाढली, एखादं व्हिटॅमिन कमी पडलं, औषधाचा विषारी परिणाम झाला, की पहिली झळ शेवटच्या नळाला. म्हणून अशा सर्वांगाच्या कारणांमध्ये त्रास दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतो, हळूहळू मोजा चढवल्यासारखा वर येतो आणि साधारण गुडघ्याजवळ पोचेपर्यंत हाताच्या बोटांची टोकं चालू होतात, कारण हाताचे धागे साधारण गुडघ्यापर्यंतच्या धाग्यांएवढ्याच लांबीचे असतात.

मुंग्या का येतात? मांडी घालून बसल्यावर पाय झोपतो तेव्हा नसेवर आणि तिला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्यांवर दाब पडतो, निरोप जाणं थांबतं, म्हणून बधीर. पाय मोकळा केला की नस पूर्ववत होता होता कारण नसतानाच सिग्नल सोडायला लागते, त्या मुंग्या. पाच-दहा मिनिटांत सगळं शांत. दुखावलेली नस तेच करते, फक्त ती शांत होत नाही. आणि मेंदूला बिचाऱ्याला एवढंच कळतं की अंगठ्याच्या नसेवरून निरोप आलाय, म्हणजे अंगठ्यालाच काहीतरी झालं असणार. त्यामुळे "पाय बधीर पण आहे आणि दुखतो पण आहे" हे जे घरच्यांना थाप वाटतं ना, ते अगदी शक्य आहे, खरे निरोप पोचत नाहीत आणि खोटे थांबत नाहीत.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. "का" च्या आधी "कुठे". शरीराचं एक चित्र काढा, कागदावर वेडंवाकडं चालेल, आणि जिथे बधीर आहे तिथे रंगवा, जिथे मुंग्या आहेत तिथे टिंबं द्या. हा नकाशा बऱ्याचदा महागड्या मशीनपेक्षा जास्त सांगतो. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, रात्री झोपेतून उठवणारं, हात झटकला की बरं वाटणारं, हे मनगटात नस दाबली जाण्याचं ठरलेलं चित्र, कार्पल टनेल. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू असेल तर घोटाळा सहसा कोपरात, तासन्‌तास कोपर दुमडून फोन कानाला लावणाऱ्यांना हे ओळखीचं असेल. मांडीची फक्त बाहेरची बाजू बधीर असेल तर घट्ट पट्टा, वाढलेलं पोट किंवा गरोदरपण, कमरेजवळ एक नस दाबली जाते, वैताग असतो पण धोका नसतो. दोन्ही तळवे सारखेच असतील तर वर सांगितलेली शेवटच्या नळाची गोष्ट. मान पुढे वाकवली की पाठीतून करंट जातो, किंवा हातांनी बारीक कामं जमेनाशी झालीत आणि पाय कडक, तर मानेतल्या मज्जारज्जूकडे बघायला लागतं. ओठांभोवती आणि दोन्ही हातांच्या बोटांत एकदम मुंग्या, छातीत धडधड, तर बहुतेक वेळा श्वास जोरजोरात चाललेला असतो.

या शेवटच्या बद्दल जरा जास्त बोलायचंय कारण "टेन्शनमुळे आहे" हे वाक्य ऐकून लोक दुखावतात आणि मीही दुखावलो होतो. घाबरल्यावर आपण नकळत खोल आणि भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने रक्ताचं आम्ल-अल्कलीचं गणित बदलतं, मोकळं कॅल्शियम घटतं आणि नसा चटकन पेटणाऱ्या होतात. म्हणजे मुंग्या काल्पनिक नसतात, रसायनशास्त्राने आलेल्या खऱ्या मुंग्या असतात, आणि श्वास संथ केला की जातात. पण महिनोन्‌महिने तळव्याला स्पर्शच कळत नाहीये, त्याला टेन्शन हे उत्तर नाही, असं कोणी तपासणी न करताच म्हणालं तर दुसरं मत घ्या.

कारणांची यादी लांबलचक आहे पण सुरुवात नेहमीच्यांपासून करायची. जगभर एक नंबर डायबिटीस, आणि गंमत अशी की साखर सीमारेषेवर असतानाही, म्हणजे एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या मध्ये, काहींच्या नसा कुरकुरायला लागतात. मग बी १२. हे वनस्पतींतून जवळपास मिळतच नाही, त्यामुळे शाकाहारी मंडळी, वय झालेले, पोटाचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालेले, वर्षानुवर्षं अॅसिडिटीच्या गोळ्या घेणारे, आणि डायबिटीससाठी मेटफॉर्मिन घेणारे, यांनी हे बघायलाच पाहिजे. मेटफॉर्मिनवाल्यांचा तर दुहेरी घोळ, पायाला मुंग्या आल्या की सगळे साखरेवर ढकलतात आणि बी १२ कोणी बघतच नाही. रिपोर्टमध्ये २०० (पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर) च्या खाली असेल तर सहसा कमतरताच धरतात, पण २०० ते ३०० मध्येही नसांना कमी पडत असू शकतं, तेव्हा मिथाइलमॅलोनिक अॅसिड नावाची तपासणी करून खात्री करतात. बी १२ कमी असताना नुसतं फॉलिक अॅसिड खात बसलात तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसा आतून बिघडत राहतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

याच्या नेमकं उलटं बी ६. नसांसाठी चांगलं म्हणून लोक मल्टीव्हिटॅमिनच्या दोन-तीन बाटल्या एकदम चालू करतात, प्रत्येकात बी ६ असतं, रोजची गरज दीड मिलिग्रॅमच्या आसपास आणि पोटात जातंय त्याच्या कितीतरी पट, आणि मोठे डोस फार दिवस घेतले की बी ६ स्वतःच नसा बिघडवतं. मुंग्यांवर घेतलेल्या गोळीनेच मुंग्या! डॉक्टरांकडे जाताना सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसू नका. टीबीचं आयसोनियाझिड मात्र बी ६ कमी करतं म्हणून त्याच्यासोबत थोडं बी ६ मुद्दाम देतात, ते बंद करायचं नाही. कीमोथेरपीची काही औषधं, व्हिन्क्रिस्टीन, पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन, यांनीही होतं. बाकी दारू, थायरॉइड, किडनी, एचआयव्ही, नसांवर उलटणारी रोगप्रतिकारशक्ती. आणि कुष्ठरोग, ज्याचं नाव काढायला लोक कचरतात. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, तर लगेच दाखवा, तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, उशीर केला तर मात्र गेलेली संवेदना परत येईलच असं नाही.

आता माझ्यासारख्यांचं, ज्यांचं सगळं नॉर्मल येतं. नसांची जी मुख्य तपासणी करतात, एनसीव्ही, त्यात बारीक शॉक देऊन निरोप किती वेगाने गेला ते मोजतात. मला तो रिपोर्ट नॉर्मल आल्यावर वाटलं झालं, आता मला वेडा ठरवणार. पण ती तपासणी मोजते फक्त जाड नसा, ज्या सेकंदाला ५० मीटरच्या आसपास वेगाने निरोप नेतात, कंप आणि सांध्यांची स्थिती कळवतात. आग, टोचणं, गरम-गार हे कळवणाऱ्या नसा अगदी बारीक, त्यांतल्या सगळ्यात बारीक तर सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर नेतात, आणि त्या या मशीनला दिसतच नाहीत. म्हणजे मोठ्या छिद्रांच्या जाळ्यात लहान मासे सापडले नाहीत म्हणून तळ्यात मासेच नाहीत म्हणण्यासारखं झालं. बारीक नसांसाठी घोट्याच्या वरून ३ मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा घेऊन त्यात नसांची टोकं किती उरलीत ते मायक्रोस्कोपखाली मोजतात. ही सोय सगळीकडे नसते आणि प्रत्येकाला ती करायची गरजही नसते.

उलट साध्या तपासण्या फार बोलक्या. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की थरथरणारा धातूचा चिमटा, पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतात आणि कंप कळतोय का विचारतात. १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा एक नायलॉनचा तंतू तळव्याला ठिकठिकाणी लावतात, तो कळत नसेल तर पायाला जखम होऊन न कळण्याचा धोका आहे. मला फोर्क अंगठ्यावर कळलाच नाही, मला वाटलं त्यांनी वाजवलाच नाही, मग घोट्यावर टेकवला तेव्हा कळला. तोवर माझ्या आजाराला पुरावा नव्हता, त्या दिवशी मिळाला, आणि तोही बिनविजेच्या लोखंडी चिमट्यासारख्या वस्तूने.

सगळं करूनही ज्यांचं कारण सापडत नाही असे लोक थोडेथोडके नसतात, अशा दोन्ही पायांच्या त्रासात साधारण चौथा ते तिसरा हिस्सा. त्याला डॉक्टर इडिओपॅथिक म्हणतात, म्हणजे "आम्हाला कारण माहीत नाही" चं भारदस्त रूप. यात बहुतेक लोक पन्नाशीच्या पुढचे असतात, त्रास अगदी सावकाश वाढतो किंवा आहे तिथे थांबतो, आणि बहुतेकांचं चालणं-फिरणं स्वतःचं स्वतः चालू राहतं. इंटरनेटवर मात्र पहिल्याच पानावर व्हीलचेअर दिसते. मी एका रात्रीत स्वतःला चार आजार लावून घेतले होते, त्यातले दोन तर एकत्र होऊच शकत नाहीत. कारण नाही सापडलं याचा अर्थ फाइल बंद असा मात्र नाही, सहा महिन्यांनी-वर्षाने साखर आणि बाकीचं परत बघायचं, काही कारणं उशिरा तोंड दाखवतात. आणि लवकर वाढलं, एकाच बाजूला झालं, हात पायांच्या आधी धरले किंवा ताकद जायला लागली तर हे ते साधं सावकाशवालं नाही असं समजून आधीच जायचं.

मग रोजचं जगणं. मुंग्या त्रास देतात पण काहीतरी बिघडलंय एवढं तरी सांगतात, बधिरपणा काहीच सांगत नाही, आणि मोठं नुकसान तिथेच होतं. खडा बुटात दिवसभर राहतो, फोड येतो, फुटतो, चिघळतो आणि पायाला पत्ता नसतो. म्हणून पायाचं काम डोळ्यांनी करायचं. रोज रात्री तळवे बघा, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, बोटांच्या बेचक्यातही बघा. बूट घालायच्या आधी आत हात फिरवून झटका. पाणी किती गरम आहे ते पायाने नाही, कोपराने बघा, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नका, थंडीत कितीही मोह झाला तरी. घरातसुद्धा अनवाणी नको. कुरूप ब्लेडने कापायचं नाही, यावर वाद नको.

दुसरं, तोल. पाय कुठे आहे हे मेंदूला पायाच्या नसा, डोळे आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मिळून सांगतात. पायांनी सांगणं बंद केलं की भार डोळ्यांवर, म्हणून अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की माणूस हेलकावतो. डॉक्टर पाय जुळवून डोळे मिटायला सांगतात ती रोमबर्गची तपासणी हीच, एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन डॉक्टरच्या नावाची. बाथरूमच्या वाटेवर रात्री छोटा दिवा, तोंड धुताना एक हात बेसिनला, आणि तोलाचे व्यायाम फिजिओकडून शिकून. गाडी चालवणाऱ्यांनी स्वतःला खरं उत्तर द्यायचं, ब्रेकवर पाय आहे की अॅक्सिलरेटरवर हे न बघता कळतं का?

रात्रीची आग हा वेगळाच छळ. दिवसा मेंदूला हजार कामं असतात, रात्री पायांशिवाय कोणी बोलायला नसतं, त्यामुळे ती वाढल्यासारखी वाटते. पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नसेल तर पायाच्या बाजूला खोका ठेवून पांघरूण वर उचलून धरायचं. नेहमीच्या पेनकिलर या दुखण्याला फारशा लागत नाहीत, वेगळी औषधं असतात, गाबापेंटिन, प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन. यातली काही मुळात फिट्सची, काही डिप्रेशनची, त्यामुळे कागदावर नाव वाचून "मला डिप्रेशन आहे असं वाटतंय का यांना" असा राग येतो, मला आला होता. तसं नाही, ती नसांचा कलकलाट कमी करतात. लहान डोसपासून चढवत नेतात, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला झोप, गरगर, आणि एकदम बंद करायची नसतात. आग आणि टोचणं कमी होईल, गेलेला स्पर्श यांनी परत येत नाही, ही अपेक्षा आधीच नीट ठेवली तर निराशा कमी होते. मनगटाच्या त्रासाला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून बघा, तो साधा उपाय बऱ्याच जणांना पुरतो.

सुधारायला लागलेल्या नसेचा वेगही माहीत असू द्या. तुटलेला धागा परत वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर, तेही जमलं तर. म्हणजे बी १२ चं इंजेक्शन घेतलं आणि पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणं बरोबर नाही, महिने लागतात, आणि मधे काही काळ मुंग्या वाढल्यासारख्याही वाटू शकतात.

नोंद ठेवायची, पण रोज नाही. रोज लिहायला लागलो तर मी दिवसभर पायांकडेच लक्ष देऊन बसायचो, आणि लक्ष दिलं की मुंग्या दुप्पट. आता महिन्यातून एकदा तो वेडावाकडा नकाशा नव्याने काढतो, जुन्याच्या शेजारी ठेवतो आणि तारीख टाकतो. मागच्या खेपेला ते सगळे कागद घेऊन गेलो. डॉक्टरांनी फोर्क अंगठ्यावर टेकवला, नाही कळला. घोट्यावर टेकवला. "कळतोय?" "हो, कळतोय." मागच्या वर्षी पण घोट्यावरच कळला होता. त्यांनी तेवढं लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.